हौदातलं दुसरं कासव

१

कासव सापडलं. जागेवरच सापडलं. साखर पेठेतल्या मल्लय्या येमुल यांच्या रंगखान्यात, ज्या हौदात ते ठेवलं होतं त्याच हौदाच्या तळाशी, जिवंत, प्रकृती उत्तम. फौजदार रेवणसिद्ध माशाळे यांनी पंचनामा केला, पंचांनी सह्या केल्या, मल्लय्यांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि १९७८ च्या मार्चमधला सोलापूर शहरातला कासवचोरीचा एकमेव गुन्हा दाखल होण्याआधीच उलगडला.

आता हे काही झालंच नाही असं धरून पुढे जाऊ. तक्रारदार डॉ. दानम्मा बिराजदार यांनी तसंच धरलं होतं, आणि त्या चिडल्या की समोरच्यालाही तसंच धरावं लागे.

"मॅडम, पुन्हा एकदा," फौजदार म्हणाले. "चोरीला काय गेलं?"

"कासव."

"आणि हौदात काय आहे?"

"कासव."

"मग गेलं काय?"

"माझं कासव गेलं. हे दुसरं कुणीतरी आहे."

फौजदारांनी हौदात डोकावून पाहिलं. आतल्या कासवानेही वर पाहिलं. या प्रकरणात पडायची दोघांचीही इच्छा नव्हती, हे चेहऱ्यांवरून कळत होतं.

"काल संध्याकाळी इथे काथवटीएवढी मादी होती," दानम्मा म्हणाल्या. "समुद्रातली. ऑलिव्ह रिडले जातीची. तिला पाय नव्हते, वल्ही होती. तिला मान आत घेता येत नव्हती. आणि हे बघा." त्यांनी काठीने पाणी ढवळलं. आतल्या ताटाएवढ्या कासवाने तत्काळ डोकं, पाय, शेपूट सगळं कवचात ओढून घेतलं आणि आपण घरी नसल्याचं जाहीर केलं. "समुद्रातल्या कासवाला हे जमत नाही. जगातल्या कुठल्याच."

"प्रॅक्टिसने जमलं असेल," फौजदार म्हणाले.

शेवटी तज्ज्ञ बोलावले. तज्ज्ञ म्हणजे दानम्मा ज्या कॉलेजात शिकवत तिथल्या प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख, प्रा. रामहरी शेटे. सरांनी चष्मा लावला, हौदात पाहिलं, चष्मा काढला.

"कासव आहे," ते म्हणाले. "कवच आहे, शेपूट आहे. आणि तो बघा पायात बाईंचाच पितळी बिल्ला. त्यांनी स्वतः नंबर कोरलेला. अजून काय पाहिजे? कासव ते कासव." मग आवाज खाली आणून फौजदारांना म्हणाले, "बाई फार थकल्यात हो. मी रजा देऊ केली होती." हे खरं नव्हतं. रजा त्यांनी नाकारली होती. "मला निघायला हवं. सोमवारी मंत्रिमहोदय आमच्या म्युझियमचं उद्घाटन करणार आहेत, आणि मधल्या मोठ्या कपाटाला अजून काच बसलेली नाही."

त्यांनी तसा दाखला दिला. त्यावर पंचनामा झाला. तपास संपला.

दानम्मांनी चहाची बशी हौदाच्या कठड्यावर आपटली. बशी फुटली नाही, त्यामुळे त्या जास्तच चिडल्या.

२

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. अक्कलकोटची बाई, सोलापुरात नोकरी, आणि संशोधन समुद्री कासवांवर. सोलापूरचा समुद्राशी संबंध मिठापुरता आहे. सुताला रंग नीट धरावा म्हणून रंगखान्यात पोत्यांनी मीठ ओततात, आणि ते मीठ ट्रकने येतं. प्रत्येक सुट्टीत दानम्मा रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून कोकणात उतरत, किनाऱ्यावर कासवांच्या मागे फिरत आणि रजा संपली की भरलेल्या ट्रकमधून परत येत. ड्रायव्हर त्यांना "कासवाच्या मावशी" म्हणे. त्यांना ते चाले.

फेब्रुवारीच्या शेवटी तिथल्या एका ट्रॉलरच्या जाळ्यात ही मादी अर्धमेली सापडली. कासव पाण्यात राहतं म्हणून ते पाण्यात श्वास घेतं, असा लोकांचा समज असतो. त्याला तुमच्या-आमच्यासारखी फुप्फुसं असतात, आणि जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर ते तुमच्या-आमच्यासारखंच बुडून मरतं. हिचं एक वल्हं दोरीने कापलं गेलं होतं. दानम्मांनी टाके घातले. पण रजा संपली होती आणि जखम भरली नव्हती, तेव्हा दोघी मिठाच्या ट्रकमधून सोलापूरला आल्या. आणखी रजा मागितल्यावर शेटेसर म्हणाले होते, "बाई, सोलापुरात समुद्र नाही. अभ्यासक्रमात बेडूक आहे. बेडकावर लक्ष द्या."

मल्लय्यांनी सूत धुवायचा स्वच्छ सिमेंटचा हौद दिला, शिवाय मीठ दिलं. मादी पंधरवड्यात टवटवीत झाली. सुकट खायची, रेवतीसाठी आणलेली कोळंबी खायची. रेवती म्हणजे मल्लय्यांची मांजर.

आणि तिच्या पोटात अंडी होती. कवच आणि मागच्या वल्ह्याच्या मधल्या मऊ जागी हात लावला की दानम्मांना ती लागत. उद्या, शनिवारी, मिठाचा ट्रक जाणार होता. मादीला तिच्याच किनाऱ्यावर सोडायचं होतं, तेही बिल्ल्यासकट. कासवाची मादी ज्या वाळूत जन्मते तिथेच अंडी घालायला परतते असं सगळे म्हणतात. म्हणणारे बरेच होते, खूण करून बघणारं दानम्मांच्या ओळखीत कुणी नव्हतं. वाळू मिळाली नाही तर ती अंडी शेवटी पाण्यातच टाकेल आणि ती कुजतील. हातात चार-सहा दिवस होते. आणि आता कासवच नव्हतं.

"अम्मा, मी सांगू का," मल्लय्या पुढे झाले. ते काल गुरुवार म्हणून अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेले होते, रात्री तिथेच राहून आत्ता परतले होते. "आकसलं असेल."

"काय?"

"नवी चादर पयल्या पाण्याला आकसते. हे तर पंधरा दिवस पाण्यात. त्यात मीठ. आमच्या धंद्यात हे होतंच. मी गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवतो."

"मल्लय्या, चादरीला नखं फुटतात का?"

मल्लय्यांनी यावर प्रामाणिक विचार केला. "चांगल्या चादरीला नाही," ते म्हणाले.

दानम्मा हौदात उतरल्या. साडीसकट. कासवाला उचलून त्यांनी पायातला बिल्ला पाहिला. त्यांनी तो मादीच्या पुढच्या वल्ह्याच्या कडेत चिमट्याने बसवला होता. इथे तो मागच्या पायाला दोऱ्याने बांधला होता, दोन जाडजूड गाठी मारून. मल्लय्यांनी दोरा हातात घेतला आणि आज पहिल्यांदा त्यांना खराखुरा राग आला.

"ही गाठ कुणी मारली? मागाच्या फणीतनं जाईल का ही? मागावर असली गाठ मारली तर आमचा बाप जेवायला देत नव्हता." त्यांनी दोरा दूर धरला. "हा माणूस पेठेतला नाही, अम्मा."

दानम्मा उत्तर देणार होत्या, पण हौदातलं पाणी त्यांच्या ओठांवर उडालं होतं. त्यांनी ओठ चाटले. मग वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. वर उभे असलेले पंच दोन पावलं मागे सरले.

पाणी गोडं होतं.

३

सोलापुरात माणूस माणसाच्या जिवावर उठेल, पण हौदभर गोडं पाणी उगाच ओतणार नाही. साखर पेठेत नळ पहाटे येतो आणि आला आला म्हणेपर्यंत जातो. कासव बदलणाऱ्या माणसाने खारं पाणी गटारात सोडून, हौद धुऊन, पुन्हा नळाच्या पाण्याने भरला होता. चोर एवढे कष्ट कधीच करत नाही. एवढे कष्ट करायची सवय असती तर तो चोर झाला नसता.

रंगखान्यात रंगवलेल्या सुताच्या लडी बांबूंवर वाळत घालायचं काम सारजाबाई करत. मूळच्या कुंभारी गावच्या, राहायला समोरच्याच खोलीत, आणि आज सकाळपासून त्यांचं तोंड बंद नव्हतं.

"पानी कुटं हाय, बाई? धार न्हाई म्हनत मी, पर थेंब तरी? नळ नुसता लाळ गाळतोय. हंडा भरायला दुपार व्हईल म्हनून बसले तर पानी गेलंच की. कुन्या मुडद्यानं मेन नळाला पाइप लावला, त्याच्या घरात..." यापुढचं इथे छापता येणार नाही. त्यात शेटेसरांच्या, म्हणजे त्या अज्ञात माणसाच्या, सात पिढ्यांचा वनस्पतिशास्त्राशी संबंध जोडला होता.

वरच्या वाक्यात एक नाव चुकून आलं. ते वाचलं नाही असं समजा.

"रंगखान्यात कुणी दिसलं का पहाटे?"

"हातगाडी हुती उभी. वर वलं गोनपाट. म्या म्हनलं सूत न्हेत्यात. इतं काय रोज हातगाड्या येत न्हाईत व्हय?" सारजाबाईंनी हौदात डोकावलं आणि त्यांचा आवाज एकदम निवळला. "पर बरं झालं बाई. आज ती रडत न्हाई."

मादी रडायची, हे खरं होतं. तिच्या डोळ्यांतून सतत चिकट पाणी गळायचं, आणि गल्लीतल्या बायका दुपारी तिला बघायला यायच्या. समुद्राचं माहेर तुटलं, लेकीला सोलापुरात दिली म्हटल्यावर रडेल नाही तर काय, असं त्यांचं निदान होतं. दोघींनी तिला ओटीही आणली होती. दानम्मांनी त्यांना दहा वेळा सांगितलं होतं, की समुद्रातल्या कासवाच्या डोळ्यांजवळ एक ग्रंथी असते. पोटात गेलेलं जास्तीचं मीठ ती तिथून बाहेर टाकते. ते दुःख नसतं, मीठ असतं.

"मीठच की वो," सारजाबाई म्हणायच्या. "आमचं तरी काय असतंय."

आता हौदातलं कासव कोरड्या डोळ्यांनी बघत होतं. त्याला रडायची सोयच नव्हती. ते तळ्यातलं, गोड्या पाण्यातलं. मिठाच्या पाण्यात ते फार दिवस काढू शकलं नसतं.

दानम्मा हौदाच्या कठड्यावर बसल्या. चोराला नुसतं मोठं कासव नेऊन छोटं ठेवायचं असतं, तर पाणी बदलायचं कारण नव्हतं. पाणी त्याने बदललं, कारण खाऱ्या पाण्यात हे मरेल हे त्याला माहीत होतं.

तेवढ्यात मागून कानडी हेलात आवाज आला, "एन्री अक्का, हे कासव आता देणार का?"

४

हे बसलिंगप्पा, गल्लीच्या टोकाच्या महादेवाच्या देवळाचे विश्वस्त. देवळाचा जीर्णोद्धार झाला होता, फरशी बसली होती, नंदी बसला होता. नंदीच्या पुढचं दगडी कासव तेवढं आलं नव्हतं, कारण पाथरवटाने ते तयार करून दुसऱ्याच देवळाला दिलं होतं. गेल्या आठवड्यात बसलिंगप्पा रंगखान्यात येऊन दोरीने मादीचं माप घेऊन गेले होते. संशय घ्यायला यापेक्षा सोयीचा माणूस अख्ख्या पेठेत नव्हता, आणि फौजदार त्याच आशेने परत आले होते. पंचनामा झालेला असला तरी एखादी अटक झाली तर त्यांची ना नव्हती.

"माप का घेतलं होतं?" दानम्मांनी विचारलं.

"खोटं का बोलू, अक्का. म्हटलं, दगडाचं मिळत नाही, तर समुद्रातलं जिवंतच देवापुढं ठेवू. कुणाच्या देवळात आहे असलं? पण जमलं नाही."

"का?"

"कासव देवापुढं कशाला असतं? इंद्रियं आवरायला शिकवायला. बाहेर काही का होईना, ते हातपाय आत घेतं, मान आत घेतं, आणि गप बसतं. माणसानं देवापुढं तसं बसावं." बसलिंगप्पांचा चेहरा कडवट झाला. "तुमच्या कासवाला मी काठीनं टोचलं..."

"टोचलं?"

"हळूच. तर मान आत घ्यायची सोडून ते माझ्याकडं बघत बसलं. पुन्हा टोचलं, तर चावायला आलं. इंद्रियावर ताबाच नाही. असलं कासव देवापुढं ठेवलं तर भक्तांना काय शिकवणार?" त्यांनी हौदाकडे बोट दाखवलं. "हे मात्र उत्तम आहे. सगळं आत घेतं. हेच पाहिजे आम्हाला."

दानम्मा त्यांच्याकडे बघत राहिल्या. काठीने टोचल्याबद्दल त्यांना बसलिंगप्पांचं काही तरी करायचं होतं, पण अख्ख्या पेठेत दोन कासवांमधला फरक पाहिलेला हा पहिला माणूस होता. त्याने तो चुकीच्या कारणासाठी पाहिला होता, पण पाहिला होता. ज्याला दुसरंच कासव हवं होतं तो पहिलं चोरून दुसरं इथे सोडून जाणार नाही.

"फौजदारसाहेब," त्या म्हणाल्या, "सगळ्यांना दुपारी इथे बोलवा. शेटेसरांनाही. मी तक्रार मागे घेते."

फौजदारांना एवढा आनंद झाला की त्यांनी मल्लय्यांना दुसऱ्यांदा चहा सांगितला.

५

तक्रार ऐकायला कुणी येत नाही. मागे घेताना सगळे येतात. दुपारी रंगखान्यात ऊन आणि लाल-हिरव्या सुताच्या लडी यांच्यामध्ये बरीच गर्दी झाली. शेटेसर रुमालाने मान पुसत आले.

"माझी चूक झाली," दानम्मा म्हणाल्या. आवाज इतका शांत होता की सारजाबाई लडी सोडून जवळ आल्या. "हे माझंच कासव. सर तज्ज्ञ आहेत, त्यांनी ओळखलं, मी ओळखलं नाही."

"होतं असं," शेटेसर प्रेमाने म्हणाले.

"फक्त पाणी गोडं झालंय. कसं झालं कोण जाणे. समुद्रातलं कासव गोड्या पाण्यात किती दिवस ठेवणार? मल्लय्या, मीठ टाका."

मल्लय्या आणि एका गड्याने पोतं उचलून कठड्यावर ठेवलं. विळ्याने तोंड उसवलं. कासव तळाशी मान बाहेर काढून बघत होतं.

"किती टाकताय?" शेटेसरांनी विचारलं.

"समुद्रात असतं तितकं."

"नको. म्हणजे, एकदम एवढं नको."

"पंधरा दिवस तेवढंच होतं, सर. तिला सवय आहे." दानम्मांचा हात पोत्यावर होता. "ओता, मल्लय्या."

पोतं कललं. मिठाचे पहिले खडे कठड्यावर सांडले.

"अहो मरेल ते," शेटेसर म्हणाले.

दानम्मांनी पोतं धरून सरळ केलं. त्यांना हौदात एक खडाही पडू द्यायचा नव्हता.

"समुद्रातलं कासव मिठाने मरेल, सर?"

शेटेसरांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

"हे सकाळपासूनचं तुमचं पहिलं खरं वाक्य," दानम्मा म्हणाल्या, आणि आता तो शांतपणा संपला होता. "मी सकाळपासून समजत होते की माझ्या विभागाचा प्रमुख गाढव आहे. वीस वर्षं गांडूळ आणि बेडूक शिकवला, कासव विसरला, असं म्हणून मी तुम्हाला माफ करायला निघाले होते. पण तुम्हाला सगळं येतं. तळ्यातलं कासव खाऱ्या पाण्यात टिकत नाही, म्हणून पहाटे उठून तुम्ही हौद उपसला. पेठेतल्या बायकांचं पाणी तोडून तो भरला. तिच्या वल्ह्यातला बिल्ला उपटून याच्या पायाला बांधला. ती गाठ आपल्या विभागात बरणीतल्या साप-सरड्यांना चिठ्ठी बांधतात ती आहे. मागावर बसलेला माणूस ती बांधत नाही. बसलिंगप्पांना दुसरं कासव हवंय, पहिलं नाही. मल्लय्यांना वाटतं ते आकसलं. या दोन कासवांतला फरक जाणणारी माणसं इथे दोन. एक मी, मी सकाळपासून ओरडतेय. दुसऱ्याने लिहून दिलं, कासव ते कासव."

"आयोव," सारजाबाई म्हणाल्या. "आमचं पानी ह्यानं न्हेलं व्हय?"

या खटल्यात शेटेसरांना जी काही शिक्षा झाली ती पुढच्या पाच मिनिटांत सारजाबाईंनी दिली. फौजदार मध्ये पडले नाहीत. त्यांच्याही घरी आज पाणी आलं नव्हतं.

"तिला कुठे ठेवलंय?" दानम्मांनी विचारलं.

शेटेसर सुताच्या लडीआडून म्हणाले, "बाई, शेवटी हे विज्ञानासाठीच आहे."

दानम्मा धावत सुटल्या.

६

मधलं मोठं कपाट. सकाळीच ते बोलले होते. जिल्ह्यात कुठल्याही कॉलेजात नाही असं काही तरी त्यात ठेवून मंत्र्यांना दाखवायचं होतं, म्हणजे अनुदान वाढणार होतं. जिवंत कासव कपाटात ठेवता येत नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनचा वास होता. मादी टेबलावर उताणी होती. पोटाकडचं कवच कापून बाजूला ठेवलं होतं, नीट, मोजक्या हाताने. शेटेसरांचा हात चांगलाच होता, ते मान्य करावं लागेल. तिचा घसा उघडा होता. आत मागे वळलेल्या मऊ काट्यांची रांग, गिळलेलं निसटू नये म्हणून. दानम्मा हे दरवर्षी फळ्यावर काढत. टाके घातलेलं वल्हं भरून आलं होतं. त्याच्या शेजारचं, बिल्ला होता ते, फाटलं होतं. अंडी एनॅमलच्या ट्रेमध्ये होती, पिंगपाँगच्या चेंडूंसारखी पांढरी, सगळी फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेली.

आणि हृदय चालू होतं.

कासवाचं हृदय कासव मेल्यावरही बराच वेळ चालतं. हे प्रकरण दानम्मा दुसऱ्या वर्षाला शिकवत. मुलं वहीत उतरवून घेत. त्यांनी स्टूल ओढलं आणि टेबलाजवळ बसल्या. मागून फौजदार आले, टोपी काढून उभे राहिले. हृदय थांबेपर्यंत दोघं तिथून हलली नाहीत, आणि त्याला वेळ लागला.

"आता अटक करा," दानम्मा म्हणाल्या.

फौजदारांनी टोपी हातात फिरवली. "कुठल्या गुन्ह्यात, मॅडम?"

"गेल्या वर्षी सरकारने या कासवाला वाघाच्या रांगेत बसवलंय. मारणं गुन्हा आहे."

"वाघाच्या रांगेत? कासव?" ते म्हणाले. "बसवलं असेल. सरकार कुणालाही कुठेही बसवतं. पण अडचण दुसरी आहे. पंचनाम्याप्रमाणे तुमचं कासव हौदात आहे. जिवंत आहे. प्रकृती उत्तम आहे. जे जिवंत आहे त्याला मारलं म्हणून मी कुणाला धरू?"

"मग हे टेबलावर कोण आहे?"

"हे बेवारस आहे. याची तक्रार कुणी दिलेली नाही."

"मी देते."

"तुमचं सापडलंय, मॅडम. तज्ज्ञाचा दाखला आहे."

"तो तज्ज्ञच चोर आहे. तुमच्यासमोर कबूल झाला."

"तो चोर असेल," फौजदार खरोखर दुःखाने म्हणाले. "दाखला चोर नाही ना. तो दप्तरी गेला. दप्तर मला बदलता येत नाही."

"मग पंचनामा पुन्हा करा."

"सापडलेल्या वस्तूचा पुन्हा पंचनामा करायला ती आधी हरवावी लागते. आणि ती हरवलेली नाही, ती सापडलेली आहे." ते दारापर्यंत गेले आणि थांबले. "मॅडम, खरं सांगू? मला सकाळीच कळलं होतं ते वेगळं आहे. नखं दिसली मला."

"मग लिहिलं का नाही?"

"साहेबांनी लिहून दिलं होतं ना. ते प्रोफेसर आहेत."

दानम्मा एवढ्या जोरात उभ्या राहिल्या की स्टूल पडलं. फौजदारांनी ते उचलून जागेवर ठेवलं आणि निघून गेले.

शनिवारी मिठाचा ट्रक रिकामा गेला. ड्रायव्हरने कॉलेजच्या फाटकाशी थोडा वेळ हॉर्न वाजवला. सोमवारी मंत्री आले. मधल्या कपाटातल्या कासवासमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि हे कुठल्या तळ्यातलं, असं त्यांनी विचारलं. प्रा. रामहरी शेटे यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्याच सुमारास दानम्मा कलेक्टर कचेरीच्या आवक-जावक टेबलासमोर उभ्या होत्या. कारकुनाने अर्ज उघडून विषय वाचला, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा विषय वाचला आणि शिक्का मारला. अर्ज असा होता :

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर.

विषय : मृत कासव जिवंत करून मिळणेबाबत.

महोदय,

पोलीस दप्तरी अर्जदाराचे मादी कासव जिवंत व सुस्थितीत असल्याचे नमूद आहे. प्रत्यक्षात सदर कासव कॉलेजच्या काचेच्या कपाटात असून तिची अंडी बरणीत आहेत. दप्तर व वस्तुस्थिती यांत तफावत असू नये, असे शासनाचे धोरण आहे. दप्तर कोणत्याही परिस्थितीत बदलता येणार नाही, असे संबंधित अधिकाऱ्यांनी अर्जदारास समक्ष कळविले आहे.

सबब, वस्तुस्थिती बदलण्यात यावी. सदर कासव सर्व अंड्यांसह पूर्ववत जिवंत करून, विणीचा हंगाम संपण्यापूर्वी, शासकीय खर्चाने, ज्या वाळूवरून आणले त्याच वाळूवर सोडण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती.

आपली,
डॉ. दानम्मा बिराजदार